जुना निसणा आणि घरचा वस्तरा : या चुका टाळा

वस्तऱ्याची धार स्वतः राखण्याची आवड असलेल्यांच्या हाती जुन्या वस्तूंच्या बाजारातून कधी ना कधी एखादा निसणा येतोच. निसणा म्हणजे धार लावण्याचा दगड. मात्र येथे ज्याविषयी लिहीत आहे, तो खाणीतून काढलेला नव्हे, तर केशकर्तनकारांसाठी कारखान्यात अपघर्षक, म्हणजे घासून झिजवणारी, भुकटी दाबून आणि भाजून बनवलेला, तळहातावर मावणारा ठोकळा होय. एडवर्ड अ‍ॅचेसन यांना १८९१ साली सिलिकॉन कार्बाइड हे असेच अपघर्षक बनवण्याची रीत सापडली. त्यांच्या कार्बोरंडम कंपनीचे आणि स्लोव्हेनियातील मारिबोरच्या स्वाटी कंपनीचे निसणे आजही वापरण्याजोग्या स्थितीत मिळतात. दिवसभर हातात वस्तरा असलेल्या कारागिराला, चामड्याच्या पट्ट्यावर परजूनही धार परत येईनाशी झाली की दोन मिनिटांत ती पुन्हा कामाची करून देणे, एवढ्यासाठीच तो बनवलेला होता. घरी होणाऱ्या बहुतेक चुका त्याच्याकडून याहून अधिक काही मागितल्यामुळे होतात.

सर्वांत मोठी मागणी असते ती खराब झालेला वस्तरा त्याच्यावर दुरुस्त करण्याची. जुन्या पेटीतून निघालेल्या वस्तऱ्याच्या धारेला खांडे पडलेले असतात, गंजाने बारीक खड्डे केलेले असतात, किंवा आधीच्या मालकाने धारेचा उतारच गोल करून टाकलेला असतो. हा उतार, म्हणजे पात्याच्या दोन्ही बाजूंनी धारेकडे येणारी घासलेली चिंचोळी पट्टी, नव्याने बसवण्यासाठी साधारण १००० क्रमांकाच्या (क्रमांक जितका मोठा तितके कण बारीक) पाणी लावून वापरायच्या दगडापासून सुरुवात करून ४०००–५००० आणि ८००० अशा टप्प्यांनी वर यावे लागते. निसण्याचे कण बारीक असल्यामुळे तो एवढे पोलाद काढू शकत नाही. तासभर घासूनही खांडे तसेच राहतात आणि निसण्याचा पृष्ठभाग मात्र पोलादाच्या चुऱ्याने बुजतो. म्हणून आधी वस्तरा दिव्याखाली धार वर करून धरावा आणि सावकाश कलता करत पाहावा. नीट धार प्रकाश परावर्तित करत नाही, ती दिसतच नाही. जेथे ठिपका चमकतो तेथे खांडा आहे आणि जेथे अखंड पांढरी रेघ चमकते तेथे धार पुरती बोथट झालेली आहे. अशा वस्तऱ्यासाठी निसणा बाहेर काढू नये.

दुसरी चूक फेऱ्यांच्या संख्येची आहे, आणि ती जाणकारही करतात. वस्तरा निसण्यावरून एकदा पुढे आणि उलटून एकदा मागे नेला की एक फेरी झाली, असे धरले तर धार ताजी करायला पाच ते आठ फेऱ्या पुरतात. माझ्या पहिल्या निसण्यावर मी चाळीस फेऱ्या मारल्या, कारण तिसऱ्या-चौथ्या फेरीत काही घडले असेल यावर विश्वासच बसेना. परिणाम असा झाला की दाढीची पहिली ओळ विलक्षण सफाईने उतरली आणि दुसऱ्या ओळीपासून कातडी जळू लागली. प्रमाणाबाहेर घासलेल्या धारेच्या टोकाशी पोलादाची अतिशय पातळ, आधार नसलेली कड उभी राहते. ती क्षणभर तीक्ष्ण भासते, पण पट्ट्यावर किंवा केसांवर येताच दुमडते अथवा तुकड्यातुकड्यांनी तुटते. तीस पट मोठे दाखवणाऱ्या भिंगातून ती दातेरी दिसते. यावर उपाय कमी ज्ञात असला तरी सोपा आहे: वस्तरा उलट दिशेने, म्हणजे पाठ (धारेसमोरची जाड कड) पुढे आणि धार मागे ठेवून, अगदी हलक्या हाताने चार-पाच वेळा ओढावा, आणि मग धार पुढे ठेवून नेहमीच्या तीन-चार फेऱ्याच द्याव्यात. एवढ्याने धार सावरली नाही, तर ८००० च्या दगडापर्यंत मागे जावे.

दाबाची चूक फेऱ्यांच्या चुकीच्या सोबतीनेच येते, कारण ज्याला फरक दिसत नाही तो जोर लावतो. वस्तऱ्याचे पाते दोन्ही बाजूंनी खोलगट घासलेले असते, त्यामुळे धारेजवळचे पोलाद इतके पातळ होते की बोटांच्या दाबाने ते वाकते; वाकलेले पाते आपला कोन सोडते आणि धारेऐवजी तिच्या मागचा भाग घासला जातो. शिवाय वस्तऱ्याचा कोन ठरतो तो पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकल्यामुळे. दाब देऊन घासत राहिले की पाठीवर रुंद, चपटी, चमकदार पट्टी उमटते, आणि एकदा झिजलेली पाठ परत येत नाही. वस्तऱ्याचे स्वतःचे वजन पुरेसे असते. बोटांनी तो फक्त मार्गावर ठेवायचा असतो.

कोनाचाच विषय निघाला म्हणून पाठीवर चिकटपट्टी लावण्याविषयी सांगतो. पाठ झिजू नये म्हणून अनेक जण ती लावतात आणि त्यात वावगे काही नाही. मात्र सुमारे दीड दशांश मिलिमीटर जाडीचा एक थर नेहमीच्या रुंदीच्या पात्याचा एकूण कोन जवळजवळ एक अंशाने वाढवतो. शेवटची पूर्ण धार पट्टी लावून काढली असेल आणि निसण्यावर ती न लावता वस्तरा फिरवला, तर धारेचे टोक दगडाला लागतच नाही. कितीही फेऱ्या मारा, वस्तरा होता तसाच राहतो. शंका असल्यास उताराला काळ्या मार्करची शाई लावावी आणि दोन फेऱ्या द्याव्यात: शाई धारेपर्यंत पुसली गेली तर कोन जुळला, मागेच पुसली गेली तर जुळला नाही.

आता खुद्द निसण्याकडे वळू, कारण घरात आलेला जुना निसणा बहुधा वापरण्याच्या अवस्थेत नसतो. वर्षानुवर्षांचा साबण, तेल आणि पोलादाचा काळा चुरा त्याच्यात मुरलेला असतो आणि पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत झालेला असतो. असा निसणा वस्तऱ्याखालून नुसता घसरतो. भांड्याचा साबण, कोमट पाणी आणि नायलॉनचा ब्रश घेऊन तो धुवावा, हवे तर रात्रभर साबणाच्या पाण्यात ठेवावा. पण तेल काढण्यासाठी त्याला विस्तवावर किंवा भट्टीत तापवू नये, कारण असमान तापल्याने तो तडकू शकतो. नंतर पेन्सिलीने पृष्ठभागावर उभ्याआडव्या रेघा ओढाव्यात. जाड काचेच्या तुकड्यावर ओला काळा वॉटरपेपर (पाणी लावून वापरायचा सँडपेपर) ठेवून त्यावर निसणा आठाच्या आकड्यात फिरवला, की उंच भागावरच्या रेघा आधी जातात आणि मध्यभागी राहिलेल्या रेघा तो किती खोलगट झाला आहे हे दाखवतात.

येथे एक चूक फार महागात पडते. ३२० चा कागद खोलगटपणा लवकर काढतो म्हणून त्यावरच काम थांबवले जाते, आणि तो खरखरीत पृष्ठभाग वस्तऱ्याच्या धारेवर ओरखडे उमटवतो. बारीक कणांचा दगडही खडबडीत ठेवला तर तो जाड दगडासारखा वागतो, हे नवशिक्याच्या लक्षात येत नाही. ३२० नंतर ६००, नंतर १००० आणि शक्य झाल्यास त्याहून बारीक कागद वापरून पृष्ठभाग हाताला साटीनसारखा लागेपर्यंत घासावा, आणि चारही कडा थोड्या मारून घ्याव्यात. तीक्ष्ण कोपऱ्यावर धार आपटली की नवा खांडा ठरलेला. हे सर्व काम ओलेच करावे, म्हणजे भुकटी श्वासात जात नाही. ज्या बाजूवर उत्पादकाचे नाव कोरलेले असेल ती घासू नये. दुसरी बाजू वापरावी. काही निसणे दोन्ही बाजूंनी वेगवेगळ्या जाडीच्या कणांचे असतात, तेव्हा कोणती बाजू बारीक आहे हे आधी नख फिरवून पाहावे.

निसण्यावर काय घालावे यावर लोक तावातावाने वाद घालतात. कोरडा, पाणी लावून आणि दाढीच्या साबणाचा फेस लावून, अशा तिन्ही रीती चालतात; फेसाने धार थोडी मऊ येते, असा माझा अनुभव. तेल मात्र टाळावे, कारण ते एकदा मुरले की पुन्हा पाण्यावर येणे कठीण.

वस्तऱ्याची चालही बिघडते. धार साधारण साडेसात सेंटिमीटर लांब आणि निसणा जेमतेम पाच सेंटिमीटर रुंद, म्हणजे संपूर्ण धार एकाच वेळी त्यावर बसूच शकत नाही. सरळ पुढेमागे ओढल्यास मधला भाग अधिक झिजतो आणि धार पोटात आत जाते. त्यामुळे प्रत्येक वेळी मुठीकडच्या टाचेपासून सुरुवात करून वस्तरा तिरका ओढत टोकापर्यंत न्यावा. दोन्ही बाजूंचे मार्ग मिळून फुली तयार होते. टाचेजवळ पात्याला जाड बंध (आधारासाठी ठेवलेला उंचवटा) असेल, तर तो दगडावर चढू देऊ नये, नाहीतर टाच उचलली जाते आणि तेवढाच भाग बोथट राहतो. वस्तरा उलटवताना तो पाठीवरच वळवावा, धारेवर कधीही नाही.

निसण्यानंतर पाते पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडे करून कापडी पट्ट्यावर वीस-तीस आणि चामड्यावर पन्नास-साठ वेळा परजावे. दाढी झाल्यावर उताराला तेलाचे बोट लावले नाही, तर कार्बनच्या पोलादावर एका रात्रीत गंजाचे ठिपके येऊ शकतात, आणि ते धारेपर्यंत पोचले की पुन्हा १००० च्या दगडावर जाण्यावाचून मार्ग उरत नाही. निसण्यावर ताजी केलेली धार जेव्हा दर वेळी कमी काळ टिकू लागते, तेव्हाही काम त्याच दगडाचे असते.