टाचांच्या भेगांसाठी कडुलिंब-हळदीचं मलम

आमच्या वसमतकडं हळदीची काढणी, शिजवणी, वाळवणी सुरू झाली की बायांच्या टाचा पार फाटतात. काळ्या रानात अनवाणी राबलेल्या पायाला उंची क्रीम नको, ओल धरून ठेवणारं तेल-मेण पाहिजे.

साहित्य थोडंच आहे: पाव लिटर घाण्याचं करडईचं तेल, दोन मुठी वाळलेला कडुलिंबाचा पाला, दोन चमचे भरडलेलं हळकुंड आणि मधमाशीचं मेण. मेण थंडीत ४० ग्रॅम घ्यायचं, उन्हाळ्यात ५०. नाहीतर आपल्याकडच्या एप्रिलच्या उन्हात डबीत नुसतं तेलच दिसतं. हळद विकतची पूड नको, हळकुंडच घ्या. पूड फडक्यातून खाली उतरते आणि तळाला गाळ बसतो.

पाला मात्र मनापासून वाळवा. चैत्रातली तांबूस पालवी नको, निब्बर हिरवा पाला घ्या. धुऊन, पाणी निथळून, सावलीत सुती कापडावर पसरायचा. मुठीत दाबल्यावर कुरकुरून चुरा झाला पाहिजे. देठ वाकत असेल तर अजून एक दिवस राहू द्या. सगळा खेळ इथंच आहे. मलमात पाण्याचा अंश नसला की बुरशीला जागा मिळत नाही आणि टिकवण्यासाठी वेगळं काही घालावं लागत नाही. बऱ्याच जणी हौसेनं ताजी कोरफड घालतात. कोरफडीचा गर म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच, म्हणून तो ताजा लावायला ठेवा, डबीत नको. तोही पिवळा चीक निथळून गेल्यावरच, कारण चिकानं खाज सुटते.

पातेल्यात पाणी ठेवून त्यात तेलाचा कोरडा डबा ठेवा. पाला, हळद टाका आणि मंद आचेवर दोन तास राहू द्या. तेल उकळता कामा नये. पाल्याभोवती बारीक बुडबुडे येत असतील तर ओल शिल्लक आहे, ते थांबेपर्यंत उतरवू नका. हळदीतलं कर्क्युमिन, म्हणजे तिचं पिवळं रंगद्रव्य, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात उतरतं; तेलाला सोनेरी रंग चढतो तो त्यामुळंच, हिरवट झाक येते ती पाल्याची. निवल्यावर कोरड्या फडक्यातून गाळा. मग पुन्हा गरम करून किसलेलं मेण विरघळवा. थेंबभर थंड ताटलीवर टाकून पाहा: बोटानं सहज पसरला तर जमलं, वाहिला तर मेण वाढवा.

रात्री पाय कोमट पाण्यात भिजवून, पुसून, किंचित ओलसर टाचेवर चोळा आणि जुने मोजे घाला. हळदीचा डाग सहज निघत नाही. पहिल्यांदा लावताना कोपराच्या आतल्या बाजूला लावून दिवसभर वाट बघा. भेगेतून रक्त येत असेल किंवा साखरेचा आजार असेल तर मलम बाजूला ठेवून डॉक्टरांना पाय दाखवा. करडईचं तेल लवकर खवट होतं, म्हणून दोन-तीन महिन्यांपुरतंच करा आणि डबीवर तारीख लिहा. बचत गटातून विकायचं असेल तर आधी अन्न व औषध प्रशासनाचा परवाना काढावा लागतो.