पहाटेची कयाक: आधी प्रवाहाविरुद्ध

उन्हाळ्यात शहरातल्या नदीत कयाक, म्हणजे वल्ह्याने चालवायची छोटी अरुंद होडी, न्यायची असेल तर उजाडता उजाडता पाण्यात उतरा. जमीन तापली की वारा सुटतो, मोटरबोटींची ये-जा वाढते आणि काठाच्या भिंतींवर आपटून परतणाऱ्या लाटा कयाकला दोन्हीकडून हेलकावे देतात. अंधार असेल तर चहूबाजूंनी दिसेल असा पांढरा दिवा हवाच.

जाताना प्रवाहाविरुद्ध वल्हवा, म्हणजे दमल्यावर पाणीच तुम्हाला परत आणेल. भरती-ओहोटीचं पाणी असेल तर वेळापत्रक आधी बघा, कारण तिथे प्रवाह मध्येच उलटा फिरतो.

खरी काळजी पुलाखाली. खांबाच्या ज्या बाजूवर प्रवाह येऊन आदळतो, तिथे फांद्या, प्लास्टिक, दोर अडकलेले असतात. तिथून लांबच राहा. दोन खांबांच्या मधोमध, कयाकचं नाक सरळ ठेवून निघा. तरीही कयाक आडवी होऊन खांबाला टेकलीच, तर अंग खांबाकडे झुकवा. मन नेमकं उलट सांगतं, पण प्रवाह जिकडून येतो त्या बाजूला कललात तर पाणी कडेवरून आत घुसतं आणि कयाक उलटते.

सूर्य तुमच्या पाठीशी असेल तेव्हा समोरून येणाऱ्या बोटवाल्याचे डोळे दिपलेले असतात. त्याला आपण दिसलो असं गृहीत धरू नका, काठ धरा. भडक रंगाचं लाइफ जॅकेट अंगात हवं. कयाकला बांधून ठेवलेलं काय कामाचं?

जोराचा पाऊस होऊन गेला असेल तर दोन-तीन दिवस बेत रद्दच करा. नाल्यांची सगळी घाण तेव्हा नदीतच असते.