बॅटरीचा हार्नेस शिवून घेताय? या चुका टाळा

काटोल, नरखेड, कळमेश्वरकडच्या संत्रा बागांमध्ये सल (वाळलेल्या फांद्या) काढायला, पानसोट (सरळ वर जाणारे, फळ न देणारे फुटवे) उतरवायला बॅटरीवरचं सिकेटर (फांद्या छाटायची कात्री) वापरायचं ठरलं की पहिला प्रश्न कापण्याचा नसतो, वागवण्याचा असतो. सिकेटर हातात राहतं. पण त्याची बॅटरी, केबल, आरी, बोर्डो मलमाचा (छाटलेल्या जागी लावायच्या मोरचूद-चुन्याच्या लेपाचा) डबा, ब्रश आणि पाण्याची बाटली, हे सगळं अंगावरच कुठेतरी बसवायचं असतं. सोबत आलेला पट्टा बसत नसेल आणि नागपुरातल्या एखाद्या बॅग शिवणाऱ्याकडून स्वतःच्या मापाचा हार्नेस (खांद्या-कमरेवर बांधायचा, कप्पे असलेला पट्टा) करून घ्यायचा असेल, तर पुढचं वाचून मगच कापडाला कात्री लावा. गच्चीवर सोलर पॅनल बसवणाऱ्यांना आणि वायरिंगचं काम करणाऱ्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

हार्नेस फाटून क्वचितच बाद होतो. माणूस तो अंगावरून काढून ठेवतो, तेव्हा तो बाद होतो. सकाळी सगळे बांधतात. खरा निकाल जेवणाच्या सुटीनंतर लागतो: पट्टा पुन्हा अंगावर चढतो की बांधावरच राहतो? बांधावर राहत असेल तर मजुराला बोल लावू नका. दोष शिवणीत किंवा मांडणीत आहे, आणि तो शोधता येतो.

सगळा भार खांद्यांवर टाकणं

सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत महागात पडणारी चूक हीच. शाळेच्या दप्तराला असतात तसे दोन बंद लावले, मागे बॅटरीचा कप्पा शिवला, झाला हार्नेस! तासाभरात खांदे भरून येतात. मग हाताला मुंग्या येतात, बोटं बधिर होतात. हा नुसता थकवा नाही. मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा खांद्याच्या पुढच्या बाजूने जातात आणि अरुंद बंद नेमका त्यांच्यावर दाब देतो. मुंग्या येऊनही रोज तसंच काम चालू ठेवलं तर हाताची ताकद कमी होऊ शकते.

भार कमरेच्या हाडांवर उतरला पाहिजे. दोन्ही हात कमरेवर ठेवा. बोटांना जी कडा लागते, तिच्यावर पट्ट्याचा मध्य यायला हवा. पोटावर किंवा नाडीच्या जागी बांधलेला पट्टा वर सरकत राहतो. पट्टा मागे आणि बाजूंना चार बोटांहून रुंद, आतून घट्ट फोमचा ठेवा. पुढे बक्कलजवळ तो अरुंद झाला तरी चालतो. मऊ गादीसारखा फोम दुकानात हाताला छान लागतो, पण आठवडाभरात दबून चपटा होतो. बोटाने दाबल्यावर लगेच परत फुलणारा, जरा कडक फोम घ्या.

तपासणी सोपी आहे. हार्नेस पूर्ण भरून घाला, कमरपट्टा आवळा आणि मग खांद्याचे बंद थोडे सैल करा. भार कमरेवरच राहिला तर मांडणी बरोबर. सगळं खाली घसरलं तर भार अजून खांद्यांवरच आहे. छातीवरचा आडवा बंद भार उचलत नाही; त्याचं काम खांद्याचे बंद बाहेर घसरू न देणं एवढंच. म्हणून तो करकचून आवळू नका, श्वास अडतो.

दुसरी गोष्ट अंतराची. तेवढीच बॅटरी कण्यापासून ८ सेंमीऐवजी १६ सेंमीवर गेली, तर माणसाला मागे ओढणारा जोर दुप्पट होतो. मग तो पुढे वाकून चालतो आणि संध्याकाळी कंबर धरते. त्यामुळे जड वस्तू पाठीला जवळ आणि हलक्या वस्तू बाहेर. बॅटरी मागे, मलमाचा डबा आणि पाणी बाजूंना, दोन्हीकडे साधारण सारखं वजन. आणि कण्याच्या नेमक्या मध्यावर टणक हत्यार कधीच लटकवू नका. शिडीवरून पाय घसरून पाठीवर पडलात तर तेच मणक्यात रुतेल.

दिवसभराची वीज एकाच खेपेत पाठीवर घेणं

मोठी बॅटरी घेतली की मधे बदलावी लागणार नाही, हा हिशेब कागदावर बरोबर वाटतो. वजन मोजून पाहा. १८६५० मापाचा एक लिथियम सेल साधारण ४५ ते ४८ ग्रॅमचा असतो. असे ४० सेल जोडून ३६ व्होल्ट, १० अँपियर-तासाचा पॅक केला तर ३६० वॉट-तास वीज मिळते. पण नुसत्या सेलचंच वजन पावणेदोन किलोच्या वर जातं. खोका, बीएमएस (गरज पडल्यास बॅटरीचा पुरवठा तोडणारं सर्किट) आणि वायर धरून ते आणखी वाढतं. अर्ध्या क्षमतेचे दोन पॅक करा. एक अंगावर आणि दुसरा सावलीत ठेवा, जेवणाच्या सुटीत बदला. माझं मत यात पक्कं आहे: पाठीवरून कमी झालेला एकेक किलो दिवसभर कामी येतो, बॅटरी बदलायला मात्र दोन मिनिटं लागतात.

जुन्या फवारणी पंपातली १२ व्होल्ट ८ अँपियर-तासाची शिसं-आम्लाची बॅटरी काढून हार्नेसमध्ये बसवायचा मोह टाळा. तिचं वजन सव्वादोन-अडीच किलो आणि वीज जेमतेम ९६ वॉट-तास.

उन्हाळ्याचा विचार न करणं

मृग बहाराची (पावसाळ्याच्या सुरुवातीला धरलेल्या फुलोऱ्याची) फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये उतरतात. त्यानंतर सल काढायची म्हणजे डोक्यावर ऊन आलेलंच असतं. मे महिन्यात आणि नवतप्यात (मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) नागपुरात सावलीतच पारा ४५ अंशांपर्यंत जातो. बहुतेक लिथियम-आयन सेल चार्ज करण्याची वरची मर्यादाही ४५ अंशांचीच असते आणि वापरताना सेलचं तापमान ६० च्या पुढे जाऊ द्यायचं नसतं. आता काळ्या कापडाचा कप्पा, त्यावर थेट ऊन, आतून फोमचं वेष्टण आणि पलीकडून घामेजलेली पाठ, अशा जागी भार घेणारी बॅटरी किती तापेल याचा अंदाज तुम्हीच करा.

बॅटरीला धक्क्यापासून जपायचं म्हणून चारही बाजूंनी फोम गुंडाळणं ही नागपूरच्या हवेत मोठी चूक आहे. त्याऐवजी पाठ आणि बॅटरी यांच्यामध्ये एक कडक पातळ प्लास्टिकची पाटी आणि जाड जाळी घाला. मध्ये बोटभर पोकळी राहिली तर हवाही फिरते आणि बॅटरीची ऊब पाठीला लागत नाही. वरच्या बाजूला पांढऱ्या किंवा फिकट कापडाचं झाकण लावा. कप्प्याच्या तळाला दोन भोकं ठेवा. घाम किंवा पाऊस आत साचला तर कनेक्टर गंजतात.

बागेतून आणलेली गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. टिनाच्या छताखालच्या खोलीत तर दुपारी लावूच नका. ती आधी हाताला थंड लागू द्या, मग रात्री उशिरा किंवा पहाटे चार्ज करा, आणि तेही कोणीतरी जागं असताना, गवत-कडब्यापासून दूर. फुगलेला, वास येणारा किंवा पडून चेपलेला पॅक पुन्हा अंगावर चढवू नका.

आणि यासाठीच सगळा हार्नेस एका हाताने, दोन बक्कल दाबून अंगावरून गळून पडला पाहिजे. बॅटरीतून धूर निघाला तर गाठी सोडत बसायला वेळ नसतो. वरून घातलेल्या शर्टाखाली किंवा दुपट्ट्याखाली बक्कल दबतं का, हेही पाहा.

वायर, फ्यूज आणि स्विच

बॅग शिवणारा इथे मदत करू शकत नाही आणि बहुतेक घरगुती हार्नेस इथेच धोक्याचे होतात.

फ्यूज हवाच, आणि तो बॅटरीच्या धन टोकाच्या अगदी जवळ. हत्याराजवळ लावलेला फ्यूज मधली वायर सोलून जोडली गेली तर काहीच वाचवत नाही. गाडीच्या दुकानातला पात्याचा फ्यूज बहुतेक वेळा ३२ व्होल्टपर्यंतचाच असतो. १२ किंवा १८ व्होल्टच्या पॅकला तो चालतो. ३६ व्होल्टचा पॅक पूर्ण चार्ज झाल्यावर ४२ व्होल्ट देतो; त्याला ५८ व्होल्ट किंवा त्याहून वरचा फ्यूज मागून घ्या. नाहीतर फ्यूज उडूनही आतली ठिणगी विझत नाही. घरातल्या भिंतीवरच्या स्विचचंही तेच. तो एसीसाठी बनलेला असतो. डीसीचा प्रवाह शून्यावरून जात नाही, त्यामुळे स्विच उघडताना ठिणगी लांबते आणि टोकं जळतात. डीसीचं रेटिंग लिहिलेलाच स्विच घ्या.

वायर बारीक घेतली तर सिकेटर जाड फांदीवर अचानक बंद पडतं आणि लोक बॅटरीला दोष देतात. ०.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरचं जाऊन-येऊन दोन मीटर अंतर धरलं, तर १० अँपियरला पाऊण व्होल्टच्या आसपास वायरमध्येच जातो, १.५ चौरस मिमीला हेच नुकसान पाव व्होल्टवर येतं. जाड फांदी चावताना प्रवाह याहून खूप उसळतो, व्होल्टेज खाली बसतं आणि बीएमएस पुरवठा तोडतो. पुष्कळ बारीक तारांची, सिलिकॉनच्या आवरणाची वायर घ्या. एकेरी जाड तार वाकून वाकून आतून तुटते.

केबलची लांबी हात खाली सोडून मोजू नका. हात पूर्ण वर, उंच फांदीकडे नेऊन मोजा आणि मग उरलेली लांबी पाठीवर, खांद्यावर, कोपराच्या वर अशा तीन जागी फासात अडकवा. लोंबणारी केबल फांदीत अडकते आणि शिडीवरच्या माणसाचा तोल जातो. अडकलीच तर कनेक्टर सरळ ओढीने सुटेल अशा दिशेने बसवा. बॅटरीच्या बाजूला मादी टोक ठेवा, म्हणजे सुटलेल्या टोकावर उघडी पिन राहत नाही.

कापड, नवार, बक्कल

स्वस्त नवार (पट्ट्यांसाठीची विणलेली पट्टी) बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते. हलकी असते, पण उन्हाला जपलेली नसेल तर हळूहळू भुरभुरीत होते. ओळखायची असेल तर एक तुकडा पाण्यात दाबून हवा काढा आणि सोडा: पॉलिप्रॉपिलीन तरंगतं, नायलॉन आणि पॉलिस्टर बुडतात. नायलॉन घामाने-पावसाने ओलं झालं की ताणतं आणि पट्टा सैल वाटू लागतो. आपल्या कामाला पॉलिस्टर बरं. दोराही पॉलिस्टरचाच, सुती दोरा घामाने कुजतो. भार पेलणाऱ्या जोडावर चौकोन आणि आत फुली अशी शिवण मारा. फार बारीक टाके घातले की नवारीला सुईच्या भोकांची रांग पडते आणि ती तिथूनच फाटते.

वेल्क्रो बागेत टिकत नाही. कुसळं आणि गवत त्याच्या आकड्यांत भरतात आणि तो धरायचाच थांबतो. कप्प्यांना दाबाचं बक्कल किंवा लवचीक फास लावा.

लोखंडी बक्कल आणि रिव्हेट बोर्डोजवळ नकोत. मोरचूद आणि चुना यांचं मिश्रण करताना आपण लोखंडी खिळा बुडवून पाहतो. तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असं समजतो आणि आणखी घालतो. चुना कमी पडलेल्या मलमाचा ओघळ रोज बक्कलवर आला, तर त्या खिळ्याचं होतं तेच बक्कलचं होतं. प्लास्टिकचं किंवा स्टेनलेस बक्कल घ्या आणि मलमाचा डबा कनेक्टरच्या विरुद्ध बाजूला, झाकण लावूनच टांगा.

सिकेटर आणि आरीला कडक म्यान हवं, तळ बंद असलेलं. नुसत्या कापडी कप्प्यातून टोक आठवडाभरात बाहेर येतं आणि मांडीत शिरतं.

एकाच मापाचा हार्नेस सगळ्यांना

शेतातल्या कामाचा मोठा वाटा बाया उचलतात, आणि बहुतेक पट्टे मात्र उंच पुरुषाच्या मापाने शिवलेले असतात. साडीवर पुरुषी शर्ट घालून काम करणाऱ्या बाईच्या कमरेला निऱ्यांची जाडी असते आणि छातीवरचा बंद पुरुषाच्या जागी बसत नाही. तो वर-खाली सरकवता येईल असा ठेवा. पाठीची लांबी मान वाकवल्यावर उठून दिसणाऱ्या मणक्यापासून कमरेच्या हाडाच्या कडेपर्यंत मोजा. हार्नेस ३८ ते ५२ सेंमीपर्यंत कमी-जास्त होईल असा करा. जी ताई किंवा जो दादा तो रोज घालणार, त्यांच्याच अंगावर, त्यांच्याच कामाच्या कपड्यांवर माप घ्या. डावखुऱ्यांसाठी म्यान दोन्ही बाजूंना लावता येईल असे फास सोडा.

हा सुरक्षा पट्टा नाही

उंचीवरून पडताना माणसाला धरणारा हार्नेस वेगळा. त्याला आयएस ३५२१ हे भारतीय मानक आहे. हत्यारांच्या पट्ट्याला दोर बांधून कोणी गच्चीवर किंवा खांबावर चढत असेल तर तिथेच थांबवा. दोन्ही घालायचे असतील तर पाठीवरची सुरक्षा कडी बॅटरीने झाकली जाऊ नये.

तक्रारीवरून दोष

पट्टा वर सरकतो: कमरपट्टा हाडाच्या वर बांधलाय, किंवा पुढच्या कप्प्यात फार वजन आहे. हार्नेस एका बाजूला कलतो: डबा आणि पाणी एकाच बाजूला आहेत. बंद आपोआप सैल होतात: बक्कलच्या मानाने नवार पातळ किंवा गुळगुळीत आहे, तिच्या जागी जाड नवार लावा. मानेमागे चरा पडतो: खांद्याचे बंद वरून फार जवळजवळ शिवलेत. सिकेटर हात वर केल्यावरच बंद पडतं: केबल आखूड आहे किंवा आतून तुटली आहे. जाड फांदीवरच बंद पडतं: वायर बारीक, कनेक्टर सैल, नाहीतर पॅक म्हातारा. कनेक्टर हाताला गरम लागला तर काम तिथेच थांबवा आणि तो बदला.

पक्की शिवण मारण्याआधी कच्चे टाके घालून हार्नेस पूर्ण वजनासह अर्धा दिवस बागेत वापरायला द्या. वाकणं, उकिडवं बसणं, शिडी चढणं, पाणी पिणं हे सगळं त्यात होऊ द्या. मग जिथे चिमटतं, जिथे घासतं तिथे खडूने खूण करा, आणि त्या खुणांसकट तो शिवणाऱ्याकडे परत न्या.