गरोदरपणात सीटबेल्ट: पोटावरून नव्हे, पोटाखालून

बहिणीला सातव्या महिन्यात माहेरी आणायला गेले होते. मागच्या सीटवर बसली, बेल्ट ओढला, तर खटका सापडेना. नव्या सीट कव्हरखाली तो पार दबून गेला होता. आई म्हणाली, "राहू दे गं, बाळाला आवळेल उगाच." ही समजूत घरोघरी आहे आणि ती मला मनापासून घालवायची आहे.

जोराचा धक्का बसला की गर्भाशय ताणलं जातं, पण त्याला आतून चिकटलेली वार (प्लासेंटा) तशी ताणली जात नाही. ती गर्भाशयापासून सुटू शकते, आणि बाळाला प्राणवायू तर तिच्यातूनच मिळतो. बेल्ट नसेल तर आई समोरच्या सीटवर किंवा स्टिअरिंगवर पोटासकट आदळते. आई जागेवर राहिली तरच बाळाला आधार. म्हणून नवव्या महिन्यापर्यंत, पुढे बसा की मागे, बेल्ट हवाच.

आधी कव्हर उचलून खटका बाहेर काढा. हे निघायच्या आदल्या दिवशीच करा, कारण दारात गाडी उभी राहिली की कुणालाच धीर नसतो. मग सीटला पाठ टेकून ताठ बसा. पाठीमागे जाड उशी नको, आणि सीट फार मागे कलंडलेली नको.

आता खालचा पट्टा. एका हाताने पोट थोडं वर उचलून धरा आणि दुसऱ्या हाताने पट्टा पोटाखालून, मांड्या सुरू होतात तिथे, कमरेच्या दोन्ही हाडांवर बसेल असा सरकवा. जोर हाडांनी झेलायचा असतो, पोटाने नाही. तिरका पट्टा खांद्यावरून, दोन्ही स्तनांच्या मधून, पोटाच्या कडेने खाली यावा. तो काखेखालून किंवा पाठीमागून घेऊ नका. खटका लागला की तिरका पट्टा वर ओढून सगळी ढील काढा. जाड स्वेटर किंवा शाल पट्ट्याच्या आत नको. वाटेत खालचा पट्टा वर सरकतो. चहाला थांबलात की पुन्हा नीट करा.

स्वतः चालवत असाल तर छातीचं हाड आणि स्टिअरिंग यांत किमान 25 सेंटीमीटर, म्हणजे वीतभराहून थोडं जास्त अंतर ठेवा. स्टिअरिंग वरखाली होत असेल तर त्याचा रोख पोटाकडे नको, छातीकडे ठेवा. पाय पेडलपर्यंत नीट पोचत नसतील, तर दुसऱ्या कुणाला चालवू द्या. एअरबॅग बंद करू नका. ती बेल्टसोबतच नीट काम करते. पुढे शेजारी बसत असाल तर सीट शक्य तितकी मागे घ्या.

आणि धडक झालीच तर? 108 किंवा 112 ला फोन करा आणि बाई गरोदर आहे, कितवा महिना आहे, हे पहिल्याच वाक्यात सांगा. मान किंवा पाठ दुखत असेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत हलू नका; एरवी डाव्या कुशीवर झोपा. खरचटलंसुद्धा नाही, तरी दवाखान्यात जाच. वार सुटल्याची लक्षणं काही तासांनीही दिसू शकतात, आणि रक्तस्राव आतल्या आत होऊ शकतो. पाचव्या महिन्यानंतर बाळाचे ठोके किमान चार तास यंत्रावर तपासत ठेवतात. घरी आल्यावर पोट कडक झालं, दुखलं, अंगावरून रक्त किंवा पाणी गेलं, बाळाची हालचाल मंदावली, तर सकाळची वाट पाहू नका.

रक्तगट निगेटिव्ह असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. बाळाचं रक्त आईच्या रक्तात मिसळलं तर आईच्या शरीरात त्याविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होऊ नयेत म्हणून अँटी-डी इंजेक्शन देतात; ते लागलं तर 72 तासांच्या आत द्यावं लागतं. म्हणून तपासणीची फाईल डिकीतल्या बॅगेत नको, हाताशी ठेवा.