फुगलेले कपॅसिटर बदलताना

फोंड्याला आमच्या घरी मॉनिटरचा दिवा लुकलुकायचा, पडदा मात्र काळाच. उघडला तर पॉवर बोर्डावरच्या दोन कपॅसिटरांची (वीज साठवणाऱ्या छोट्या डब्यांची) डोकी पुरीसारखी फुगलेली, एकाच्या बुडाशी तपकिरी चिकट डाग.

प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये सुमारे ३२५ व्होल्ट उरू शकतात. रेझिस्टर (विजेला रोध करणारा भाग) लावून तो कपॅसिटर रिकामा करा, मीटरवर शून्य बघा, मगच हात घाला. इथे घाई नकोच.

नवा घेताना मायक्रोफॅरड (साठवणक्षमता) तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा थोडे जास्त, १०५ अंश सेल्सियस तापमान सोसणारा, लो-ईएसआर म्हणजे आतला रोध कमी असलेला. जुना काढण्याआधी फोटो घ्या. कपॅसिटरच्या अंगावरच्या पट्टीची बाजू ऋण. उलटा बसवला तर फुटतो. जुनं सोल्डर वितळवून पंपाने ओढा. पावसात इथली हवा दमट, म्हणून मी बोर्ड आधी पंख्याखाली वाळवते.