डीव्हीआर थेट कॉम्प्युटरला जोडताय? या चुका टाळा

सीसीटीव्हीचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) घरच्या लॅपटॉपला जोडायचा म्हटलं की पहिला हात जातो एचडीएमआय केबलकडे. दोन्हीकडे तसलंच भोक दिसतं, केबल बसते आणि पडद्यावर काहीच येत नाही. डीव्हीआर त्या पोर्टमधून चित्र बाहेर पाठवतो, लॅपटॉपही बाहेरच पाठवतो. घेणारं कुणीच नाही. मध्ये यूएसबी कॅप्चर कार्ड लावलं तर चित्र दिसेल, पण निव्वळ चित्रच. मागचं रेकॉर्डिंग फाइल म्हणून उतरवून घेता येणार नाही.

यूएसबीचा प्रकार त्याहून वाईट. दोन्ही टोकं सारखी असलेली केबल दुकानात मिळते, म्हणून ती लावायची नसते. डीव्हीआरवरचं यूएसबी माउस आणि पेन ड्राइव्हसाठी आहे. तिथून ५ व्होल्ट बाहेर येतात, लॅपटॉपमधूनही येतात. फाइल मिळणार नाहीच, एखादा पोर्ट मात्र जळू शकतो.

उरते लॅन केबल, आणि तीच बरोबर. पूर्वी असं थेट जोडायला क्रॉस केबल लागायची. आताची यंत्रं ते आपलं आपण जुळवून घेतात, साधी केबल चालते. तरीही ती लावून ‘डीव्हीआर सापडत नाही’ अशी तक्रार येतेच. मग लोक केबल बदलतात, सॉफ्टवेअर बदलतात. दोष बहुतेक वेळा आयपी अॅड्रेसचा, म्हणजे नेटवर्कवर यंत्र ओळखायच्या आकड्यांचा असतो.

घरात राउटर असतो तेव्हा तो प्रत्येक यंत्राला अॅड्रेस देतो. थेट जोडणीत देणारा कुणी नाही. विंडोज थोडा वेळ वाट पाहतं आणि स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा अॅड्रेस घेतं. डीव्हीआर बसलेला असतो १९२.१६८.१.१०८ वर (दहुआ कंपनीच्या अनेक रेकॉर्डरचा मूळ अॅड्रेस हाच, हाइकव्हिजन कंपनीच्या बऱ्याच यंत्रांचा १९२.१६८.१.६४). अॅड्रेसची सुरुवातच जुळत नाही, म्हणून एकाच केबलच्या दोन टोकांना असूनही त्यांची गाठ पडत नाही.

म्हणून आधी डीव्हीआरला टीव्ही किंवा मॉनिटर लावा, मेनूतल्या नेटवर्कमध्ये जाऊन त्याचा अॅड्रेस कागदावर लिहून घ्या. तिथे डीएचसीपी (अॅड्रेस आपोआप घ्यायची सोय) चालू असेल तर बंद करून ठरावीक अॅड्रेस द्या. मग लॅपटॉपवर इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये आयपी व्हर्जन ४ उघडा. डीव्हीआर १९२.१६८.१.१०८ वर असेल तर लॅपटॉपला १९२.१६८.१.५० द्या, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे रिकामा. शेवटचा आकडा दोघांचा सारखा ठेवू नका. आता कमांड प्रॉम्प्टमधून डीव्हीआरला पिंग करा, म्हणजे ping लिहून पुढे त्याचा अॅड्रेस टाका. उत्तर आलं की अर्धी लढाई जिंकलात. उत्तर येईपर्यंत दुसरं काही इन्स्टॉल करत बसू नका.

इथे हमखास नडतं ते वाय-फाय. घरचा राउटरही १९२.१६८.१ च्याच मालिकेत असेल तर लॅपटॉप डीव्हीआरला वाय-फायवर शोधत बसतो. तपासणीपुरतं वाय-फाय बंद करा. जिओफायबरवाल्यांना उलटा अनुभव येतो: त्यांचा राउटर सहसा १९२.१६८.२९.१ वर असतो, त्यामुळे १९२.१६८.१ मधला डीव्हीआर त्या राउटरला लावला तरी दिसत नाही.

डीव्हीआरऐवजी एनव्हीआर (नेटवर्कवर चालणाऱ्या कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) असेल तर पोर्ट नीट पाहा. मागची ओळीने असलेली पीओई (केबलमधूनच वीजही देणारी) पोर्ट्स कॅमेऱ्यांसाठी असतात आणि त्यांचं आत वेगळंच नेटवर्क असतं. लॅपटॉप बाजूला एकट्या असलेल्या, लॅन असं लिहिलेल्या पोर्टला लावा.

पिंग होतंय, पण ब्राउझरमध्ये लॉगिननंतर चित्राच्या जागी पांढरी चौकट? जुने डीव्हीआर इंटरनेट एक्स्प्लोररच्या प्लग-इनवर अवलंबून असतात आणि २०२२ च्या जूनमध्ये मायक्रोसॉफ्टने त्या ब्राउझरचा आधार काढून घेतला. मायक्रोसॉफ्टच्याच एज ब्राउझरमध्ये आयई (इंटरनेट एक्स्प्लोरर) मोड आहे, चालतोही, पण त्या खटपटीपेक्षा कंपनीचं सॉफ्टवेअर घ्या: हाइकव्हिजनसाठी आयव्हीएमएस-४२००, दहुआसाठी स्मार्ट पीएसएस लाइट. ते कंपनीच्याच साइटवरून घ्या. इथे पोर्ट म्हणजे केबलचं भोक नव्हे, सॉफ्टवेअरमध्ये अॅड्रेससोबत टाकायचा नंबर: ब्राउझर ८० नंबरच्या पोर्टवर बोलतो, ही सॉफ्टवेअर्स वेगळ्या पोर्टवर: हाइकव्हिजन ८०००, दहुआ ३७७७७. तिथे ८० टाकून पासवर्डलाच दोष देणारे खूप. पासवर्ड अंदाजाने टाकत राहू नका, काही चुकीच्या प्रयत्नांनंतर यंत्र लॉक होतं. आणि तो अजून कारखान्यातला असेल तर आजच बदला. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने असेच पासवर्ड वापरून जगभरचे डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेतले होते.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कंटाळून डीव्हीआरची हार्ड डिस्क काढून कॉम्प्युटरला लावणं. तिच्यातली फाइल रचना विंडोजला सहसा वाचता येत नाही, म्हणून ते ‘फॉरमॅट करू का?’ असं विचारतं. होय म्हणालात तर रेकॉर्डिंग हातचं गेलंच समजा. चोरीचं किंवा अपघाताचं फुटेज हवं असेल तर मुळात थेट जोडणीच्या नादी न लागता एफएटी-३२ फॉरमॅटचा पेन ड्राइव्ह डीव्हीआरला लावा आणि बॅकअप मेनूतून तेवढा वेळ निवडून काढून घ्या. उशीर करू नका. डिस्क भरली की जुन्यावर नवं रेकॉर्ड होत जातं. घड्याळही तपासा. डीव्हीआरची वेळ तासभर मागे असेल तर तुम्ही भलत्याच तासाचं फुटेज घेऊन पोलीस ठाण्यात जाल.

काम झालं की लॅपटॉपचा आयपी पुन्हा ऑटोमॅटिकवर टाका. नाहीतर पुढच्या वेळी राउटरची केबल लावाल, इंटरनेट चालणार नाही आणि बोलणी खाईल केबलवाला.