इंग्रजी कबरस्तानातल्या बाळाचं घराणं कसं शोधायचं

पुणे, खडकी, महाबळेश्वरकडच्या जुन्या कबरस्तानात हातभर लांबीची एखादी कबर असते, वर फक्त "अमक्या सार्जंटचा इन्फंट सन, वय ७ महिने", बाळाचं नावसुद्धा नाही. एवढ्यावरून घराणं सापडतं का? बरेचदा सापडतं.

आधी दगड नीट वाचा. वायर ब्रश, अ‍ॅसिड अजिबात नको, साधं पाणी ओता आणि सकाळच्या तिरक्या उन्हात फोटो काढा. मी एकदा भर दुपारी गेलो, ३ चा ८ वाचला आणि दोन महिने भलत्याच सालात शोधत बसलो.

मुंबई इलाख्यातल्या चर्चच्या बाप्तिस्मा, लग्न, दफनाच्या नकला लंडनला जायच्या, त्या ब्रिटिश लायब्ररीत एन/३ सिरीजमध्ये आहेत (बंगाल एन/१, मद्रास एन/२). फॅमिलीसर्च आणि फिबिस (ब्रिटिश भारतातल्या घराण्यांचा शोध घेणारी संस्था) यांच्या वेबसाइटवर नावं फुकट शोधता येतात, मूळ पानांचे स्कॅन फाइंडमायपास्ट या वेबसाइटवर, पण तिथे पैसे पडतात. बाळाच्या नावाने शोधू नका, बापाचं आडनाव टाका, तेही दोनतीन स्पेलिंगने, कारण लिहिणारा पाद्री कानाला येईल तसं लिहायचा. दफनाची नोंद मिळाली की वय वजा करून बाप्तिस्मा शोधा, पण जन्म आणि बाप्तिस्मा यात कधीकधी वर्षाचं अंतर असतं कारण आडगावी पाद्री फिरतीवर येईल तेव्हाच व्हायचा. भावंडांच्या नोंदी पण काढा, एखाद्याचं मधलं नाव आडनावासारखं वाटलं तर ते आईचं माहेरचं असू शकतं.

खरा खजिना बापाच्या हुद्द्याच्या रकान्यात. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला अधिकारी असेल तर ब्रिटिश लायब्ररीतल्याच एल/एमआयएल/९ मधले कॅडेट पेपर्स (भरतीचे कागद) बघा, भरती होताना त्याला वयाचा पुरावा म्हणून स्वतःचा बाप्तिस्म्याचा दाखला द्यावा लागायचा, म्हणजे एका कागदात बाळाचे आजी-आजोबा! राणीच्या रेजिमेंटचा, म्हणजे कंपनीच्या नव्हे तर ब्रिटिश सरकारच्या फौजेतला शिपाई असेल तर मात्र लंडनच्याच क्यू भागातलं नॅशनल अर्काइव्ह्ज, तिथले डब्ल्यूओ ९७ चे, म्हणजे शिपायांच्या निवृत्तीचे कागद बघा.

आई इथलीच असेल तर अवघड आहे, नोंदीत नुसतं पहिलं नाव किंवा "नेटिव्ह वुमन", कधी तेही नाही. मग बापाचं मृत्युपत्र शोधा (ब्रिटिश लायब्ररीत एल/एजी/३४/२९), "माझ्या नॅचरल मुलांना" (म्हणजे लग्नाबाहेरच्या) म्हणून पैसे ठेवताना काही जण त्या बाईचं नाव लिहून गेलेत.